गुलाबी आलं

सांगली-साताऱ्याच्या माणसाला मासा ठाऊक असतो तो कृष्णेचा, आणि तोही तिखट रश्श्यात गळ्यापर्यंत बुडालेला. त्यामुळे गोव्यातल्या एका तारांकित रिसॉर्टमध्ये, कॅसिनोला लागूनच्या उपाहारगृहात, काळ्या दगडी पाटीवर कच्च्या माशाचे आठ घास मांडून आले तेव्हा आमचे सांगलीचे दाजी बराच वेळ रश्श्याची वाट पाहत बसले. मेनूकार्डावर आकड्यापुढं रुपयाचं चिन्ह नव्हतं, म्हणून तो आकडा आम्ही पदार्थाचा क्रमांक समजलो होतो. खरा अर्थ उलगडल्यावर दाजी हळूच म्हणाले, "आठांचे एवढे? मला वाटलं, पातेल्याचे."

पलीकडच्या दालनातून यंत्रांची किणकिण येत होती. गोव्याच्या कायद्यानं पत्त्यांची टेबलं मांडवीतल्या बोटींवर पाठवली आणि पंचतारांकित हॉटेलांच्या वाट्याला यंत्रं ठेवली. आपल्या राज्यानंही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मुलगी बघून जावी आणि सत्तेचाळीस वर्षांनी नकार कळवावा, असल्या स्थळासारखी त्याची गत.

पाटीवरच्या त्या घासांची, म्हणजे सुशीची, चढती कमानही काही कमी नवलाची नाही. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात महिनोन् महिने दाबून ठेवत. मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर ती घाईतल्या लोकांनी गाड्यापाशी उभ्याउभ्या, हातानं खायची गोष्ट झाली. हातानं खाल्लेलं चालतं, हे वाढप्यानं सांगितल्यावर दाजींनी काड्या ज्या समाधानानं बाजूला सारल्या, त्याचे पैसे मात्र बिलात धरलेले नव्हते.

माझी नजर पाटीच्या कोपऱ्यात अडकली होती. तिथं पाकळ्यांसारखं काहीतरी फिकट गुलाबी पडलं होतं. दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला, असं वाढपी म्हणाला. एक पाकळी उजेडात धरली तर आरपार दिसली, आत बारीक रेषा, आणि वास थेट कोरेगावच्या आमच्या रानाचा. आलं! कोवळं असलं की ते व्हिनेगरात आपसूक गुलाबी होतं म्हणे. आमच्याकडं ते कोवळं काढण्याचा धीर कुणाला? घरचे आबा तर जून आलंही कधी कधी काढत नसत. आल्याचा भाव गाडीवर बोलतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. गाडी पडेल भावानं जाणार असं दिसलं की आबा कुदळ परत कोपऱ्यात ठेवत. "राहू दे जमिनीत, पुढच्या साली बघू." मग वर्षभर पाऊस जास्त झाला की कंदकूज लागेल म्हणून रात्री उठून चर मोकळे करायचे, आणि सकाळी कुणाला पत्ता लागू न देता चहात आलं किसत बसायचं. पत्त्याला आयुष्यात कधी हात न लावलेला हा माणूस पलीकडच्या दालनातल्या कुणाहीपेक्षा मोठा डाव लावून झोपत होता, नव्हे, जागत होता. व्यापाऱ्यानं नवं-जुनं आलं वेगळं निवडायला घेतलं की मात्र त्यांची मान खाली जाई.

"पाव्हणं, हे तर आपलंच की," दाजी पाकळी चावत म्हणाले. त्यांनी वाढप्याला खूण केली. "याचे वेगळे किती?"

"त्याचे पैसे नाहीत, सर."

"मग आणा अजून थोडं."

तो बशीभर घेऊन आला. माशाचे दोन घास अजून तसेच होते. दाजींनी बशी माझ्याकडं सरकवली आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "आबांना यातलं काही सांगू नका. मासा कच्चा होता, तेवढं सांगितलं तरी चालंल."