अर्पणपत्रिका तयार आहे

एम. ए. मराठीच्या अखेरच्या वर्षाला ‘सर्जनशील लेखन प्रकल्प’ घेणारा मुलगा लांबूनही ओळखू येतो. बाकीचे ग्रंथालयात संदर्भ उतरवत असतात. हा कॅन्टीनमध्ये दुसरा कटिंग सांगून ‘मटेरियल गोळा’ करत असतो. शेजारच्या टेबलावर भांडण जुंपलं की वही उघडतो. त्या वहीत जूनपासून एकच वाक्य आहे, तेही खोडलेलं.

अर्पणपत्रिका मात्र तयार आहे. आधी ती आईला होती, डिसेंबरात वर्गातल्या एका मुलीला झाली, फेब्रुवारीत परत आईला. टोपणनाव ठरलंय, मुखपृष्ठाचा रंगही. कादंबरी तेवढी राहिलीय.

गाईड मॅडमनी विचारलं की हा ‘कोसला’ पुढे करतो. ती १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हा बाविशीत. म्हणजे अजून तीन वर्षं हाताशी आहेत. विद्यापीठाच्या वेळापत्रकात तीन आठवडे आहेत, ती गोष्ट वेगळी.

मॅडम वेळ देत नाहीत, ही त्याची दुसरी तक्रार. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी असा अभ्यासक्रम काढला, तेव्हा विद्यार्थी एकटा इयन मॅकइवन. गुरू दोन, चेला एक! इथे एका मॅडमकडे चौदा प्रकल्प, वर नॅकच्या फायली. (मॅकइवन त्या वर्षात कथांमागून कथा लिहीत होता, एवढा तपशील आमच्या चेल्याच्या वाचनातून निसटलेला असतो.)

शेवटच्या आठवड्यात कादंबरीची लघुकादंबरी होते, तिची दीर्घकथा, आणि शनिवारी रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर तिचा कथासंग्रह होतो. कथा तीन. त्यातली एक अकरावीत कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आलेली. तिन्हींत नायक गावाकडून पुण्याला येतो, कॉटवर पडतो आणि फिरता पंखा बघतो. पंखा तोच.

मग येते वाङ्मयचौर्याची तपासणी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्याला माफी आहे, आणि ऋणनिर्देश मोजणीत धरतच नाहीत. हा नियम न वाचताही सगळे त्याचा पुरेपूर लाभ घेतात. ऋणनिर्देश वरच्या बॅचकडून खालच्या बॅचकडे आजीच्या पैठणीसारखा उतरत येतो. याच्या कथा आठ टक्क्यांवर सुटल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काळ्या बाइंडिंगवरची सोनेरी अक्षरं बोटाने चाचपली, कथा ओलांडल्या आणि ऋणनिर्देशावर थांबले. ‘‘हे मार्गदर्शक सर कोण?’’

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. ते सर चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. मॅडमचं नाव पानभर शोधूनही सापडेना.

पाचही प्रतींत त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. व्हाइटनर मॅडमच्याच ड्रॉवरमध्ये होता.