कंपाउंडच्या भिंतीवरचे मिठागर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे.

विषय : कंपाउंडच्या भिंतीवर मिठागर यशस्वीपणे चालविल्याबद्दल अभिनंदन.
संदर्भ : रोज सकाळी नळीने मारले जाणारे बोअरचे पाणी.

महोदय,

स. न. वि. वि.

समुद्र आपल्यापासून शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा. तरीही आपण पुण्यात मीठ पिकवून दाखवलेत. उरण-वसईच्या आगरांत खाडीचे पाणी आयते येते. ऊन आणि वारा उरलेले काम करतात. आपल्याकडे ऊन होते, वारा होता, खाडी तेवढी नव्हती. ती उणीव आपण बोअरवेलने भरून काढलीत. 1930 साली मिठाचा कायदा मोडण्यासाठी लोकांना शिरोड्यापर्यंत जावे लागले. आज सत्याग्रह करायचा झाला तर गेट नंबर दोनपर्यंत गेले तरी भागेल.

मात्र हे मीठ कोणी कोशिंबिरीत घालू नये, एवढी सूचना फलकावर लावावी. भिंतीला जो पांढरा लोणा लागतो, त्यात बऱ्याचदा सोडियम सल्फेटचा भरणा असतो. सतराव्या शतकात योहान ग्लाउबर या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्याचे गुण गायले आणि पुढे युरोपात ते जुलाबाचे औषध म्हणून बराच काळ खपले. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याला या उत्पादनात रस असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वार्षिक सभेत आपण ‘बिल्डरने विटाच निकृष्ट वापरल्या’ असे ठणकावून सांगितलेत. बिल्डर हजर नसल्याने ठराव एकमताने संमत झाला. विटेत क्षार असतातच, कमी-जास्त. मातीतून येतात, भट्टीतल्या कोळशाच्या गंधकातून येतात, सांध्यातल्या सिमेंटमधूनही येतात. त्यासाठी आयएस 3495 या मानकात चाचणी आहे. वीट एका टोकावर 25 मिलिमीटर पाण्यात उभी करायची, पाणी शोषून आणि उडून जाऊ द्यायचे, मग पुन्हा एकदा तसेच करायचे. दहा टक्क्यांपर्यंत पृष्ठभाग पांढरा झाला तर ‘किंचित’, पन्नासपर्यंत ‘मध्यम’, त्यावर ‘जास्त’, आणि पापुद्रे किंवा भुकटी सुटू लागली तर ‘गंभीर’. आपण या परीक्षेला न बसताच शेवटच्या श्रेणीत उत्तीर्ण झालो आहोत.

पण विटेच्या पोटातले मीठ तिथे असते तेवढेच असते. नव्या बांधकामावर ते पहिली एक-दोन वर्षे फुटते, पावसाने धुतले जाते आणि ओसरते. आपली भिंत जुनी, तरी पीक दरसाल वाढते आहे. म्हणजे कुणीतरी रोज माल पोचवत असणार. साधा हिशेब करा. लिटरला 1000 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेले शंभर लिटर पाणी भिंतीत मुरून उडून गेले, तर मागे शंभर ग्रॅम क्षार उरतात. पाणी वर गेले, क्षार कुठे जाणार? पिण्याच्या पाण्याचे आपले मानक दुसरी सोय नसेल तर याच्या दुप्पट क्षारही चालवून घेते, आणि आपल्या बोअरचे पाणी तर कुणी पीतही नाही. भिंत पिते.

त्यात भर म्हणून आपण भिंतीला लागून आतल्या बाजूने दोन फूट उंच वाफा घातलात. त्यात जास्वंद, जास्वंदीला दाणेदार खत, खतावर पुन्हा तेच पाणी. भिंतीचा तळचा ओलरोधक थर होता, तो या मातीत गाडला गेला. म्हणजे राखण करणाऱ्याला खाली बसवून चोरासाठी वरचा दरवाजा उघडला. ओल वाफ्याच्या मातीतून विटेत शिरते आणि रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेच्या उन्हात, बाहेर पडते. पांढरा पट्टा नेमका तिथेच, मातीच्या पातळीपासून गुडघाभर उंचीपर्यंत आहे. पावसाळ्यात तो दिसत नाही, आणि कमिटी ‘बरे झाले, गेले’ म्हणते. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाले की परत हजर.

दिवाळीच्या सुमारास एकदा जवळ जाऊन पाहावे. विटेवर बारीक केसांसारखे स्फटिक उभे असतात, बोट लावले की दबतात, आणि बोटाला पांढऱ्याबरोबर लाल भुकटीही लागते. ती लाल भुकटी म्हणजे आपली वीट. काही ठिकाणी तर विटा बोटभर आत गेल्या आहेत आणि सांध्यांतल्या सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या बाहेर उभ्या आहेत. सिमेंट घट्ट, वीट मऊ. सांध्यातून वाट मिळेना म्हणून ओल विटेतूनच जाते आणि मीठही तिथेच धरते. कोरडे सोडियम सल्फेट पाणी घेऊन स्फटिक होते तेव्हा तिपटीहून जास्त जागा मागते. विटेच्या छिद्रात ती जागा नसते. मग ते करून घेते.

यावर आपण योजलेले उपायही कौतुकास्पद. आधी अ‍ॅसिडने भिंत धुतली. फेस आला, सगळे खूश झाले. फेस सांध्यांतल्या सिमेंट-चुन्याचा होता. त्यातून तयार झालेले कॅल्शियम क्लोराईड हेही मीठच, आणि हवेतली ओल ओढून घेणारे. म्हणजे मिठाने मीठ धुतले. नंतर तारेच्या ब्रशने घासले, आता पांढऱ्यात गंजाचे तांबूस ठिपके उमटले आहेत. घासलेली भुकटी पायथ्याशीच पडू दिली आणि दुसऱ्या दिवशी नळीने परत भिंतीत पाठवली. काटकसर म्हणतात ती ही.

मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या विटांना हाच रोग आहे. तिथले उत्खनन 1922 च्या सुमारास सुरू करणारे राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे प्रमुख, आणि त्या मंडळाची कचेरी आपल्या पुण्यात. तेव्हा या विषयात गावाचा अनुभव जुना म्हणायला हरकत नाही. जमिनीतले खारे पाणी भिंतींत चढू नये म्हणून तिथे विहिरी खणून पाणी उपसले. आणि भिंतींवर मातीचे लिंपण केले. मीठ विटेत फुटायचे ते लिंपणात फुटते, लिंपण गळते, ते काढून नवे करतात. आपल्याकडे विहीर आहे, उपसाही आहे. फक्त उपसलेले पाणी आपण भिंतीवर मारतो.

उत्पादन असेच चालू ठेवायचे असल्यास काही गोष्टी चुकूनही करू नयेत. वाफा भिंतीपासून हातभर लांब सरकवू नये. नळी बंद करू नये. भिंतीच्या माथ्यावर उताराची फरशी बसवू नये, नाहीतर पावसाचे पाणीही वरून मुरायचे थांबेल. कोरड्या दिवसांत काथ्याच्या ब्रशने मीठ झाडून, खाली कागद धरून, गोळा करून लांब टाकू नये. कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर थापू नये. तो वाळताना आतले मीठ ओढून घेतो आणि ते लगद्याबरोबर निघून जाते, म्हणजे थेट चोरीच. सिमेंटच्या दर्जा उकरून चुन्याच्या भरण्याचा तर विचारही नको, त्यासाठी चुन्याचे काम येणारा गवंडी शोधावा लागेल, आणि तो सापडलाच तर घाई करणार नाही.

खर्चाचा भार सभासदांवर पडतोच आहे. तेव्हा उत्पादनातला माझा वाटा दरमहा मेंटेनन्समधून वळता करावा, ही विनंती.

आपला,
तळमजल्यावरचा एक सभासद

ता. क. : भिंतीवर पारदर्शक कोट मारून घेण्याचे कोटेशन फलकावर वाचले. ‘दहा वर्षांची हमी’ हे ठळक अक्षरांत आहे. कोट बाहेरचे पाणी अडवील, पण वाफ्याकडून येणारे पाणी त्याच्या मागे अडेल आणि मीठ विटेच्या तोंडावर फुटायचे ते तोंडाच्या आत फुटेल. सही करण्यापूर्वी ठेकेदाराला एवढेच विचारून घ्यावे : हमी कोटाची, की विटेची?