मित्राचा 'अहो' कसा करावा : हुबळी-धारवाडच्या होतकरू कादंबरीकारांसाठी मार्गदर्शिका

ज्यांना मैत्रीतून प्रेमाकडे सरकणारी कादंबरी लिहायची आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. मार्गदर्शकाने स्वतः एकही कादंबरी लिहिलेली नाही. पण अशा शंभरेक कादंबऱ्या त्याने स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाचे वेष्टन चढवून वाचल्या आहेत, आणि धारवाडात क्लास काढायला एवढी पात्रता पुरते.

आधी जुने तंत्र विसरावे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून मराठी माणसाला कादंबरी रचायला शिकवले. पुढे त्या वाटेने निघालेल्या कित्येक नायकांनी टेनिसची रॅकेट हातात असतानाच, पहिल्या नजरेत, प्रेमाचे काम उरकून टाकले. आपल्याला हवे ते प्रेम साधारण चार हजाराव्या नजरेतले. त्या नजरेपर्यंत पोचेस्तोवर तिने त्याला गालफुगी झालेला पाहिलेले असते, त्याने तिला गणितात नापास होऊन रडताना पाहिलेले असते, आणि दोघांनी एकमेकांच्या डब्यातले न आवडणारे पदार्थही संपवलेले असतात.

पायरी पहिली : गाव निवडणे. हे काम सरकारने आधीच करून ठेवले आहे. हुबळी आणि धारवाड ही दोन गावे वीस किलोमीटरवरून एकमेकांकडे बघत होती. एक व्यापारी, रेल्वेवाली, उन्हातान्हात हिंडणारी. दुसरी पुस्तकी, पावसाळी, पेन्शनीत निघाल्यासारखी. १९६२ साली दोघींची एक महापालिका करून दिली. पत्रिका कुणी पाहिली नाही. पुढची साठ वर्षे दोघी एका घरात राहून माहेरच्या आडनावाने वावरल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडला वेगळी महापालिका द्यायला मंजुरी दिली. ज्या दोघी आधी धड मैत्रिणीच झाल्या नाहीत, त्यांचा संसार असाच चालायचा. कादंबरीकाराने यातून घ्यायचे ते इतकेच : नायक धारवाडचा असावा, नायिका हुबळीची, आणि दोघांनी एकमेकांच्या गावाला मनापासून नावे ठेवावीत.

प्रवासासाठी त्यांना कोणत्या बसमध्ये बसवावे, हा बारीक पण महत्त्वाचा प्रश्न. या दोन गावांमधली चिगरी बस थंडगार आहे आणि स्वतःच्या राखीव मार्गाने सुसाट जाते. चिगरी म्हणजे हरीणच. पण हरणाच्या वेगाने मैत्रीचे प्रेम होत नाही; मनातले वाक्य ओठांवर येईतो उणकल मागे पडलेले असते. त्यापेक्षा कथानक काही वर्षे मागे न्यावे आणि दोघांना खासगी 'बेंद्रे' बसमध्ये उभे करावे. कवीच्या नावाची सिटीबस, तीही खच्चून भरलेली, आणि कंडक्टर अजून चौघांना आत घेतोय. जवळ उभे राहण्याचा दोष पात्रांवर न घालता कंडक्टरवर ढकलता येतो. अशी सोय फडक्यांना नव्हती.

पायरी दुसरी : खोली आणणे. हल्ली प्रत्येक वाचकाला भावनिक खोली पाहिजे असते. ती कशी आणायची हे लाइन बाजारात जाऊन शिकावे. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने धारवाडला पेढा दिला. तो पांढरा नसतो, तपकिरी असतो, कारण खवा मंद आचेवर, ढवळत ढवळत, रंग पालटेपर्यंत भाजावा लागतो. पिठीसाखर शेवटी, वरून. नवशिका लेखक नेमके उलटे करतो. साखर पहिल्या प्रकरणात ओततो, खवा कच्चाच ठेवतो आणि मग 'खोली कमी पडली' म्हणून नायिकेला ताप आणतो.

भाजणे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना इंग्रजीत जेन ऑस्टिनने १८१५ सालीच दाखवून ठेवला आहे. 'एमा'मध्ये बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर सहल जाते. तिथे एमा एका गरीब, बडबड्या, भाबड्या बाईंची सर्वांसमोर टर उडवते. बाकीचे गप्प. पण तिचा जुना स्नेही नाइटली तिला बाजूला गाठून स्वच्छ सुनावतो. गाडीत बसून ती घरी पोचेपर्यंत रडते आणि वाचकाला तिथे समजते की हा गृहस्थ हिच्यावर प्रेम करतो. गुलाब देणारे पुष्कळ भेटतात. तू आज वाईट वागलीस, असे सांगूनही दुसऱ्या दिवशी दारात येणारा एखादाच. अनोळखी, देखण्या, घोड्यावरून येणाऱ्या नायकापेक्षा हा जुना माणूस वाचकांना का भावतो, त्याचे कारण इथे आहे. अनोळखी माणसाला आपली चांगली बाजूच दाखवलेली असते, त्यामुळे त्याच्या प्रेमावर पुरता भरवसा बसत नाही. मित्राने उरलेली बाजूही पाहिलेली असते.

होतकरूंनी बॉक्स हिलच्या जागी नृपतुंग बेट्ट घालावे. टेकडी आहे, सहलीला माणसे येतात, वरून सगळी हुबळी दिसते. बडबड्या बाई घरोघरी आहेत.

पायरी तिसरी : इथे काहीही करायचे नाही. ही पायरी एकशे ऐंशी पानांची असते.

नवशिके इथेच घसरतात. घटना हवी म्हणून अपघात घडवतात, नायिकेला परदेशी पाठवतात. १९९८ च्या 'कुछ कुछ होता है' या सिनेमाने तर वेगळाच घोटाळा करून ठेवला. त्यात बास्केटबॉल खेळणारी मैत्रीण केस वाढवून साडीत आल्यावर नायकाचे डोळे उघडतात. याला मैत्रीतून प्रेम म्हणत नाहीत, कापडदुकान म्हणतात. आपल्या कादंबरीत नायिकेने शेवटपर्यंत त्याच जुन्या चपला घालाव्यात. बदल बघणाऱ्यात व्हायला हवा.

मग त्या एकशे ऐंशी पानांत घालायचे काय? धारवाडी माणूस भेटला की आधी जेवण विचारतो. मित्र असेल तर 'ऊटा आतेन?' आणि मान द्यायचा असेल तर 'ऊटा आतेन्री?'. तेच मराठी घरात 'जेवलास का?' होते. हा प्रश्न तिने त्याला कादंबरीभर रोज विचारावा. पहिल्या शंभर पानांत वाचकाने तो वाचून पुढे जावे. एकशे चाळिसाव्या पानाच्या आसपास एके दिवशी तिने तो विचारू नये. बस. त्या रात्री नायकाला झोप लागणार नाही, आणि वाचकालाही.

या सगळ्या काळात दोघांना काही कळता कामा नये, पण धारवाडच्या माळमड्डीतल्या यच्चयावत आत्यांना कळलेले असावे. कट्ट्यावर शेंगा सोलत बसलेली आत्या, 'काय गं, तुझा तो दोस्त आज दिसला नाही?' असे विचारते, तेव्हा तिच्या आवाजात 'तो' या शब्दावर किंचित भार पडतो. वाचक या कादंबरीसाठी पैसे मोजतो ते त्या कट्ट्यावर आत्याशेजारी जागा मिळावी म्हणून. शेवट काय होणार हे त्याला मुखपृष्ठ पाहूनच ठाऊक असते. या दोन शहाण्यांना ते कधी कळते, एवढेच बघत बसण्यात मजा आहे.

एक सावधगिरी. धारवाडातच राहून जी. ए. कुलकर्णींनी इंग्रजी शिकवले आणि मराठीतल्या थोर कथा लिहिल्या. कादंबरी चालू असताना त्यांचा 'काजळमाया' हा कथासंग्रह उघडू नये. जीएंच्या वाटेवर दोन माणसे भेटली की तिसरी नियती येऊन बसते आणि मग कुणाचेच धड होत नाही. चुकून वाचलेच, तर हुबळीच्या दुर्गदबैलला जाऊन मिरची भजीबरोबर गिरमिट खावे आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसावे. मात्र प्रेमाची कबुली गिरमिटाच्या गाड्यापाशी ठेवू नये. कालवलेले चुरमुरे पाच मिनिटांत मऊ पडतात, आणि हुबळीचे माणूस प्रेमासाठी बरेच काही सोडील, पण गिरमिट मऊ होऊ देणार नाही.

कबुलीसाठी रेल्वे स्टेशन रूढ आहे. हुबळीच्या स्टेशनात १२ मार्च २०२३ रोजी १५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले. जगातला सर्वांत लांब म्हणून त्याची नोंद आहे. सुटणाऱ्या गाडीमागे धावणाऱ्या नायकाला एवढी धावपट्टी दुसरीकडे कुठे मिळायची नाही. अडचण अशी की दीड किलोमीटर धावल्यावर त्याच्या तोंडून प्रेमाचा शब्द निघत नाही, पाणी मागणारा निघतो. ती खिडकीतून बाटली काढून देते. हाही प्रसंग वाईट नाही.

हे सारे नव्या काळाचे चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. आमच्या आज्यांचा क्रम उलटा होता, हे खरे. आधी लग्न, मग मुले, मग पंचविसेक वर्षांनी, जमलीच तर, मैत्री. घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे ज्ञानपीठ मिळवणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे यांनी आपल्या सहजीवनावर दीर्घकाव्य लिहिले, त्याचे नाव 'सखीगीत'. बायकोला सखी म्हणायला कवी व्हावे लागत होते, असा तो काळ. हल्लीच्या कादंबरीने मुक्काम तोच ठेवला आहे, फक्त गाडी दुसऱ्या टोकाकडून सोडली आहे.

शेवटची पायरी : हाक. बालपणापासून ती त्याला 'ए', 'अरे', 'माकडा' असे म्हणत आली आहे. आता काय म्हणायचे? धारवाडची कन्नड बायको नवऱ्याला नुसते 'री' म्हणून बोलावते, मराठी बायको 'अहो' म्हणते. हल्लीच्या मुली नावाने हाक मारतात, ते चांगलेच झाले, पण त्यामुळे कादंबरीकाराच्या हातचे एक हुकमी शेवटचे पान गेले. ते परत मिळवायचे, तर प्रसंग असा घ्यावा. साखरपुडा नुकताच झाला आहे, साधनकेरीच्या बाजूने पाऊस चालून आलाय, घरात माणसेच माणसे. आत्या ऐकेल अशा बेताने, निव्वळ चेष्टेने, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "अहो, जेवलात का?"

आणि तो मागे वळून बघतो, ही कुणाला विचारतेय म्हणून.