सुभेदारांचा वन टन

आमच्या पेठेत ज्यांना सुभेदार म्हणतात ते सैन्यात कधीच नव्हते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, जावक बारनिशी सांभाळण्यात गेली. सातारा जिल्ह्यात हे जरा अवघडच. इथं अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. सुभेदारही अठराव्या वर्षी भरतीला गेले होते, पण छाती इंचभर कमी भरली. तो इंच त्यांनी निवृत्तीनंतर भरून काढला. फंडाचे पैसे हातात आले आणि महिन्याभरात दारात मिलिटरीचा ट्रक उभा राहिला.

ट्रक निसान वन टन. जपानी परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात बनलेला. ‘जोंगा बघितलायत ना? त्याचंच इंजिन. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी,’ एवढं सुभेदार रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं सांगतात. ‘पेट्रोल’ हा शब्द मात्र ते आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा उच्चारतात. अ‍ॅव्हरेज कुणी विचारलंच तर ‘उतारावर बरं आहे.’

लिलावात गाड्या सुट्ट्या नव्हत्या, तीनचा लॉट होता. मग एका भंगारवाल्याशी भागी केली. त्याला लोखंड हवं होतं, यांना ट्रक. उरलेले दोन कापायला गेले, पण त्याआधी सुभेदारांनी त्यांचं जे जे सुटतं ते सगळं सोडवून घरी आणलं. आता त्यांच्याकडे पाहुणा गेला की सोफ्यावरचा कार्बोरेटर मांडीवर घेऊनच बसतो. पलंगाखाली कमानपाटे, माळ्यावर डायनॅमो. देवघरात काही नाही, असं वहिनी म्हणतात; पण समईशेजारच्या डबीत मी स्वतः पॉइंट आणि कंडेन्सर पाहिलेत. ‘ह्यांची पेन्शन हाय की,’ त्या चहा देताना सांगतात, ‘ट्रकाच्या नावानं येती.’

खरी लढाई झाली ती आरटीओत. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याखेरीज कुणाच्या गाडीला चालत नाही. मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम. सुभेदारांनी पहिल्यांदा ट्रक रंगवून नेला तो साहेबांना हिरवा दिसला. ‘उन्हात दिसतो तसा, सावलीत शेवाळी आहे,’ सुभेदार म्हणाले. साहेब सावलीत आले. तिथं तो जास्तच हिरवा होता. दुसऱ्या खेपेला पोपटी. तो पास झाला असता, पण सुभेदारांनाच बघवेना. शेवटी मातकट रंगावर तह झाला. नंबरही गेला. मिलिटरीच्या नंबराआधी वर टोक केलेला बाण असतो. तो जाऊन एमएच ११ आलं, तेव्हा सुभेदार दोन दिवस जेवले नाहीत. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून मात्र तळहाताएवढा मूळ रंग त्यांनी जपलाय. खास माणसालाच ते झाकण उघडून दाखवतात, तेही चप्पल काढायला लावून. (मला दुसऱ्या वर्षी दाखवलं.)

दर रविवारी सकाळी सात वाजता ट्रक चालू करायचा कार्यक्रम असतो. सेल्फ आहे, पण सुभेदार हॅन्डलच मारतात. भोवती पोरं गोळा होतात आणि त्यांचं शिक्षण होतं: अंगठा हॅन्डलभोवती गुंडाळायचा नाही, चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा जातो. पेठेतल्या प्रत्येक पोराला हे पाठ आहे आणि एकाच्याही घरात हॅन्डलची गाडी नाही. ट्रक पाचव्या-सहाव्या झटक्याला धरतो, खिडक्या थरथरतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी. डबल क्लच दाबून गिअर टाकताना सुभेदारांची छाती, मोजली तर, भरेल.

परवा आमच्याकडे एक निवृत्त हवालदार आले होते. एएससीत, म्हणजे सैन्याच्या पुरवठा विभागात, ड्रायव्हर होते. मी त्यांना मुद्दाम नेलं. ते ट्रकला एक फेरी मारून आले, मागं वाकले आणि म्हणाले, ‘ठिपका कुठाय?’

सुभेदारांना कळेना. हवालदारांनी सांगितलं, मागच्या डिफरन्शियलवर पांढरा गोल रंगवतात, वर बारीक दिवा. रात्री मोठे दिवे बंद ठेवून कॉन्व्हॉय निघाला की मागच्यानं तेवढाच ठिपका बघत जायचं.

‘रात्रभर?’ सुभेदारांचा आवाज घोगरा झाला.

‘मग काय, सिनेमा हुता का तितं? डोळं फुटायची पाळी. नऊ वर्सं चालवला ह्यो. फुकट दिला तरी नगं.’

वहिनी दारातून ‘ऐका, ऐका’ म्हणाल्या. पण सुभेदार ठिपक्यानंतरचं काही ऐकतच नव्हते.

संध्याकाळी फिरायला निघालो तर ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. बॅटरीचा उजेड आणि ऑइलपेंटचा वास.

‘ओ,’ खालून आवाज आला, ‘त्या १२१ मध्ये पांढऱ्याचं काही नाही ना?’