वेलीला विश्रांती, टोळीला कधी?

द्राक्षाची काढणी उरकली की दिंडोरीचा बागायतदार बागेला विश्रांती देतो. काडीत पुन्हा अन्न साठू द्यायचं आणि मगच एप्रिलात खरड छाटणी धरायची. घाई केली तर वेल पुढच्या हंगामात वसूल करते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग त्याच वेली वर्षभर सांभाळणाऱ्या टोळीच्या विश्रांतीची नोंद कुणाच्या वहीत असते?

हा प्रश्न मी आधी आपल्या ख्रिस्ती माणसांना विचारतो. आपला रविवार ठरलेला असतो: इस्त्रीचा सदरा, उपासना, घरी आल्यावर सगळ्यांचं एकत्र जेवण. तिकडे सकाळीच पेठ-सुरगाण्याकडची माणसं पिकअपमधून बागेत उतरलेली असतात. बायका मांडवाखाली मान वर करून घडातला एकेक मणी कात्रीने विरळत असतात. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी बघा, कात्रीच्या दांड्याने घट्टा पडलेला असतो. आपण ‘आमेन’ म्हणतो तेव्हाही तो अंगठा थांबलेला नसतो.

शब्बाथाची आज्ञा घरधन्यापाशी संपत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, एवढ्या सगळ्यांना तिने मोजलं आहे. अनुवादाच्या पुस्तकात कारणही दिलंय: तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. ज्यांना एकही दिवस स्वतःचा नव्हता, त्यांना दिलेली ही आज्ञा आहे. मालक उपासनेत आणि मजूर बागेत, असा रविवार पाळला तर ती अर्धीसुद्धा पाळली जात नाही.

ती पुरती पाळणारी माणसं कोकणात होऊन गेली. मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. घाणा थांबला की बैलही थांबला. शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. काम न करण्याच्या दिवसावरून त्यांना ओळख मिळाली. आपल्या बागेच्या शेजाऱ्याला आपला रविवार ओळखू येतो का?

‘शेतीत सुट्टी जमत नाही,’ हे उत्तर मला पाठ आहे. ते जुनंही आहे. इ.स. 321 मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला तेव्हा शेतकऱ्याला वगळलं. धान्य पेरायला किंवा द्राक्षवेल लावायला कधी तोच दिवस सोयीचा असतो, असं कारण दिलं. म्हणजे द्राक्षाची सबब सतराशे वर्षांची झाली. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. अवकाळी पाऊस आला, डाऊनीने डोकं वर काढलं, तर फवारणी त्याच दिवशी झाली पाहिजे. शब्बाथाच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर ते वर काढावं, असं येशूनेच सांगितलंय. पण विरळणीचा ठेका सहा दिवसांच्या आठवड्याने ठरवायचा की सात दिवसांच्या, हे आभाळ ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे: टोळीलाच सुट्टी नको असते. काम उक्तं, थांबलं की मजुरी बुडाली. बरोबर आहे. पण रानातल्या मान्नाची गोष्ट आठवा. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, म्हणून सातव्या दिवशी वेचायला जावं लागत नसे. देवाने आधी भाकरीची सोय केली, मग ‘थांबा’ म्हटलं. आपण भाकरीची सोय न करता ‘त्यांनाच नको’ म्हणतो.

महाराष्ट्रात रविवारच्या सुट्टीसाठी झगडला तो एक सत्यशोधक. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्या घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली. ती पदरात पडायला 10 जून 1890 उजाडला. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. दासदासींना मोजणारी आज्ञा या माणसाने न सांगता पाळली. गिरणीच्या भोंग्यापर्यंत पोचलेला तो रविवार सव्वाशेहून अधिक वर्षांत द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र पोचला नाही.

तो पोचवायला कायद्याची वाट बघू नका. या हंगामात गोडी छाटणीच्या आधी मुकादमाशी बसाल, तेव्हा ठेक्यात सातव्या दिवसाचे पैसे धरा आणि त्या दिवशी पिकअप पाठवू नका. एकरी खर्च थोडा वाढेल. औषधांवर तो आपण कुरकुर न करता वाढवतोच. बाग रिकामी, कात्र्या खोक्यात आणि माणसं आपापल्या पाड्यावर लेकरांजवळ, असा एक रविवार उगवू द्या. मग उपासनेला या. त्या दिवशी ‘आमेन’ म्हणताना आपल्यालाही कळेल, ही आज्ञा कुणासाठी होती.