भाव वाढवा, पण दुकान बंद असताना

सकाळी दहाला ज्या भावाने तूरडाळ मिळाली, तीच डाळ संध्याकाळी आठला महाग का व्हावी? आज सहसा तसं होत नाही, कारण फळीवरची कागदी चिठ्ठी बदलायला माणूस आणि वेळ लागतो. त्या चिठ्ठीच्या जागी इलेक्ट्रॉनिक पट्टी आली की संगणकावरून अख्ख्या दुकानाचे भाव क्षणात बदलता येतात. अमेरिकेत वॉलमार्टने २०२६पर्यंत २३०० दुकानांत अशा पट्ट्या लावणार असल्याचं जून २०२४मध्येच जाहीर केलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या गोखले रोडला त्या यायच्या आधीच नियम ठरला पाहिजे.

पट्टीला माझा विरोध नाही. फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे दुखणं तिने बरं होऊ शकतं. २२ सप्टेंबर २०२५ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशी कपात रातोरात फळीवर दिसायला हवी, आणि ते काम पट्टीच करू शकते.

भीती आहे ती दिवसा होणाऱ्या वाढीची. एमआरपी आहे ना, असं कुणी म्हणेल. पण एमआरपी ही कमाल मर्यादा. शंभर छापलेली वस्तू सकाळी ८२ला आणि संध्याकाळी ९६ला विकली, तरी एमआरपी मोडत नाही. सुटी डाळ, तांदूळ, भाजी यांना तर एमआरपीच नाही. नौपाड्यातला नोकरदार लोकलमधून उतरून थेट दुकानात शिरतो. चार ठिकाणी भाव विचारत फिरायला त्याला वेळ नसतो. भाव चढवायचा मोह दुकानदाराला नेमका तेव्हाच होणार.

नॉर्वेतल्या ‘रेमा १०००’ या दुकानसाखळीत अशा पट्ट्या आहेत. तिथे दिवसभरात भाव उतरतात. वाढवायचे ते रात्री, दुकान बंद झाल्यावर. हे पथ्य तिथे कंपनीने स्वतःहून पाळलं. आपल्याकडे ते दुकानदाराच्या मर्जीवर सोडू नये, राज्याच्या वैधमापन खात्याने नियमच करावा: उघड्या दुकानात भाव वाढणार नाही, वस्तू उचलताना दिसलेला भावच बिलात लागेल, आणि पट्टीवर किलोचा भाव मराठीत, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात असेल.

तोवर वस्तू उचलताना फळीवरच्या भावाचा फोटो काढा, बिलाशी ताडून पाहा. फरक दिसला तर गप्प बसू नका, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा.