पालक पाहिजे, वय वर्षे ७८

आमचे नाना अठ्ठ्याहत्तरचे. सकाळचा चहा झाला की नाही हे हल्ली त्यांना आठवत नाही, म्हणून ते दोनदा घेतात. वाण्याचे ३४० रुपये द्यायचेत हे मात्र पक्कं आठवतं. तेवढे काढायला आम्ही बँकेत गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी सही पाहिली. नमुन्याशी जुळेना. "यांना कळतं का?" त्यांनी मला विचारलं. नाना समोरच उभे होते; पण म्हाताऱ्या माणसाची चौकशी शेजारच्याकडे करायची, ही आपली जुनी रीत.

मी ऐटीत मुखत्यारपत्र काढलं. तीन वर्षांपूर्वी, नाना ठणठणीत असताना, याच दिवसासाठी करून ठेवलेलं. बाईंनी ते अलगद परत सरकवलं. १८७२ चा करार कायदा, कलम २०१: नेमणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपली. म्हणजे छत्री उत्तम, फक्त पाऊस आला की मिटते. नानांना कळत असेल तर सही जुळवा. कळत नसेल तर मुखत्यारपत्र बाद.

मग म्हटलं, रीतसर पालक नेमू. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तरच. म्हातारपणीचं विस्मरण त्या यादीत नाही. आजार निवडण्याआधी नानांनी राजपत्र चाळायला हवं होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रतिनिधी देतो, पण उपचारांपुरता. पासबुकाला त्याने हात लावायचा नाही. मिळकतीसाठी व्यवस्थापक देणारा १९८७ चा कायदा होता, तो या नव्या कायद्याने मोडीत काढला. उरलं उच्च न्यायालय. तिथे वकील लावायचा, डॉक्टरांचे अहवाल जोडायचे आणि न्यायमूर्तींनी नानांचे मायबाप व्हावं, अशी विनवणी करायची. वाण्याच्या ३४० रुपयांसाठी.

गंमत म्हणजे शहाणपण कायद्याच्या पुस्तकात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १४ 'मर्यादित पालकत्व' सांगतं: ठरावीक कामापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, त्या माणसाच्या इच्छेने आणि दोघांनी मिळून ठरवायचं. पण खिडकीवर शिक्के दोनच: 'कळतं' आणि 'कळत नाही'. 'सावकाश सांगितलं तर कळतं' हा तिसरा शिक्का अजून छापखान्यातच आहे.

निघताना बाईंना आमची दया आली. "तुम्हीच व्हा की यांचे पालक," त्या मला म्हणाल्या.

इतका वेळ गप्प असलेले नाना खिडकीशी वाकले. "याला पालक करताय? अहो, हा तुमचं पेन खिशाला लावून चाललाय."

मी खिसा चाचपला. पेन होतं. तुटक्या दोऱ्यासकट.